सोयाबीन + तूर: रायझोबियम, पीएसबी, ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक यांचा क्रम आणि प्रमाण

कयाधू_काठ

नमस्कार मंडळी. हिंगोली जिल्हा, मध्यम ते भारी काळी जमीन, सोयाबीन + तूर 4:2 ओळींनी घ्यायची आहे. माती परीक्षणात सामू (पीएच) 8.1, सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के, मुक्त चुनखडी 9 टक्के, स्फुरद मध्यम आलाय. या रानात गेली बरीच वर्षं खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा असतो. तुरीवर मर येते, आणि जुलैच्या शेवटी सोयाबीनचे काही पट्टे पिवळे पडतात.

बीजप्रक्रियेबद्दल दर दुकानात वेगळं ऐकायला मिळतं, म्हणून इथे विचारतो.

1) बुरशीनाशक, कीटकनाशक, ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीवरची उपयोगी बुरशी), रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणारे जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) हे सगळं एकाच बियाण्याला लावायचं की यातलं काही सोडायचं? क्रम कोणता?
2) सोयाबीनचं रायझोबियम तुरीला चालतं का?
3) पावडर घ्यावी की द्रवरूप?
4) पीएसबी लावलं तर डीएपी किती कमी करता येईल?
5) मुळांवरच्या गाठी खरंच काम करतात की नाही, हे शेतात कसं ओळखायचं?

---

सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा

दादा, आधी प्रश्न 2, कारण तिथे चूक झाली तर बाकीची मेहनत वाया जाते.

नाही, चालत नाही. रायझोबियम हे एका जिवाणूचं नाव नाही, तो मोठा गट आहे आणि प्रत्येक पिकाचा सोबती वेगळा असतो. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम लागतं. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग हे एका गटातले, त्यांना चवळी गटाचं ब्रॅडीरायझोबियम. हरभऱ्याचं आणखी निराळं, मेसोरायझोबियम सायसेरी. मुळांतून पाझरणारी द्रव्यं ओळखूनच जिवाणू केसमुळांत शिरतो, आणि ही ओळख पिकागणिक बदलते. तुरीला सोयाबीनचं पाकीट लावलं तर नुकसान काही होत नाही, पण गाठीही येत नाहीत. पाकिटावर कोणत्या पिकासाठी ते छापलेलं असतं. तुमच्यासाठी दोन वेगळी पाकिटं घ्या आणि दोन वेगळ्या घमेल्यांत प्रक्रिया करा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सोयाबीन हे आपल्या मातीतलं मूळ पीक नाही. ज्या रानात ते कधीच घेतलं नाही तिथे त्याचा जिवाणू नसतोच म्हटलं तरी चालेल. अशा ठिकाणी रायझोबियम लावलेलं आणि न लावलेलं यातला फरक बांधावरून दिसतो. तुमच्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे, म्हणजे मातीत जिवाणू वस्तीला आहे. तिथे फरक कमी दिसेल. तरीही लावावं, कारण उन्हाळ्यात वरची तीन-चार इंच माती इतकी तापते की जिवाणूंची संख्या घटते, आणि मातीतला जुना जिवाणू नत्र बांधण्यात तितका कार्यक्षम असेलच असं नाही. बियाण्याला चिकटलेला जिवाणू मुळाच्या जन्मापासून शेजारी असतो, हा त्याचा मोठा फायदा.

प्रमाणाचं गणित करून बघा, म्हणजे पुढे सांगितलेली काळजी का घ्यायची ते कळेल. खत नियंत्रण आदेशानुसार पावडरमध्ये ग्रॅमला किमान 5 कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. शिफारस 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पावडर किंवा 100 मिली द्रव. किलोभर सोयाबीनमध्ये साधारण 8 ते 9 हजार दाणे येतात. म्हणजे दाण्यामागे सव्वा ते दीड लाख जिवाणू बसतात. मोठ्या दाण्याच्या कडधान्याला दाण्यामागे लाखभर असावेत असा सर्वसाधारण निकष आहे. म्हणजे शिफारशीत फारशी ढील नाही. पाकीट दुकानाच्या पत्र्याखाली तापलं असेल, बियाणं उन्हात वाळवलं असेल किंवा बुरशीनाशकाशी थेट गाठ पडली असेल, तर दहातला एकच जिवाणू उरतो आणि दाण्यामागे बारा-पंधरा हजार शिल्लक राहतात. मग लोक म्हणतात, जिवाणू खताचा काही उपयोग नाही.

---

तिफण_आणि_चाडं

क्रमाचं मी सांगतो.

साधा नियम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, मग ट्रायकोडर्मा, सगळ्यात शेवटी रायझोबियम आणि पीएसबी. रसायन आधी, जिवंत वस्तू नंतर. पण या साखळीतलं सगळंच एका बियाण्यावर चढवायचं असं नाही.

सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. ते निघालं किंवा सुरकुतलं की उगवण गेली. म्हणून दोन गोष्टी कायम लक्षात ठेवा: पाणी कमी आणि हात हलका. बियाणं भिजवायचं नाही, फक्त ओलसर करायचं. ड्रम असेल तर सावकाश फिरवा. नसेल तर ताडपत्रीवर बियाणं पसरून, चार जणांनी चार कोपरे धरून इकडून तिकडे हलवा. घमेल्यात तळहाताने चोळत बसू नका.

30 किलोच्या एका बॅगेचा हिशेब:

पेरणीच्या पाच-सात दिवस आधी कार्बोक्सिन 37.5 टक्के + थायरम 37.5 टक्के हे मिश्र बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम, म्हणजे 90 ग्रॅम. दीड-दोनशे मिली पाण्यात पातळ लगदा करून लावायचं आणि सावलीत पूर्ण सुकवायचं. तुमच्याकडे खोडमाशी आणि पिवळा मोझॅक असेल तर थायामेथोक्झाम 30 टक्के एफएस किलोला 10 मिली, म्हणजे 300 मिली, त्यावर लावून पुन्हा सुकवा. हातमोजे हवेतच. उरलेलं प्रक्रिया केलेलं बियाणं खायला, जनावराला किंवा तेलासाठी वापरायचं नाही.

पेरणीच्या दिवशी सकाळी द्रवरूप रायझोबियम 300 मिली आणि पीएसबी 300 मिली. दोन्ही एकत्र करायला हरकत नाही. अर्ध्या तासात सावलीत वरचा ओलेपणा गेला की लगेच पेरायला घ्या. जेवढं त्या दिवशी पेरून होईल तेवढ्यालाच लावा. पाऊस आला आणि पेरणी दोन दिवस पुढे गेली, तर जिवाणू पुन्हा लावायचे, रसायन पुन्हा लावायचं नाही.

पावडर की द्रवरूप? सोयाबीनला द्रवरूप घ्या. 30 किलोला रायझोबियम आणि पीएसबीची मिळून दीड किलो पावडर होते. ती चिकटवायला लिटरभर गुळाचं पाणी लागतं, आणि तेवढ्या पाण्यात सोयाबीनचं साल फुगतं. तूर आणि हरभऱ्याला पावडर उत्तम चालते, त्यांचं साल टणक असतं. तिथे 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करायचा आणि त्यातलं लागेल तेवढंच पाणी घेऊन पावडरचा दाट लगदा करायचा. गरम गुळाच्या पाण्यात जिवाणू घातले तर ते तिथेच मरतात. घाईच्या दिवशी ही चूक सर्रास होते, म्हणून गूळ आदल्या रात्रीच उकळून ठेवावा.

पेरणी यंत्राला खताचं आणि बियाण्याचं चाडं वेगळं हवं. जिवाणू लावलेलं बियाणं डीएपीत किंवा सुपर फॉस्फेटमध्ये कालवून एका चाड्यातून पेरलं, तर खताच्या क्षाराने जिवाणू जातात आणि कोंबालाही चटका बसतो. खत बियाण्याच्या खाली आणि बाजूला दोन इंचांवर पडलं पाहिजे.

आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नका. धूळपेरणीत जिवाणू लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं. खोली 3 ते 4 सेंटिमीटर.

---

कयाधू_काठ

खूप उपयोगी. दोन शंका. यात ट्रायकोडर्मा कुठे बसतो? आणि कंपनीच्या बॅगेत रंगीत, आधीच प्रक्रिया केलेलं बियाणं आलं तर काय करायचं?

---

रोपवैद्य

मरीचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुरीची मर फ्युजेरियम उडम या बुरशीने येते. ती मातीत आणि जुन्या धसकटांत वर्षानुवर्षं टिकते आणि मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. वाळलेल्या झाडाचं खोड उभं चिरा, आत सालीखाली तपकिरी-काळी रेघ दिसेल. बाहेरून खोडावर जांभळट पट्टा जमिनीपासून वर चढलेला दिसतो. ही खूण नसेल आणि झाड पाणी साचलेल्या जागी मेलं असेल, तर तो फायटोप्थोरा करपा हा दुसरा रोग असू शकतो. त्याला निचऱ्यानेच उत्तर द्यावं लागतं, ट्रायकोडर्मावर विसंबून राहू नका.

ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे. ती रोगकारक बुरशीच्या धाग्याला विळखा घालते, काही विकरं सोडून त्याची भिंत विरघळवते आणि आतलं अन्न खाते. शिवाय मुळाभोवतीची जागा आणि अन्न आधी बळकावते. यासाठी ती रोगाच्या आधी तिथे असली पाहिजे. झाड सुकायला लागल्यावर बुडाशी ओतलेला ट्रायकोडर्मा ते झाड वाचवत नाही. फार तर शेजारच्या झाडाला मदत होते.

बुरशी असल्यामुळे बुरशीनाशक तिलाही मारतं. कार्बेन्डाझिम तर हमखास. म्हणून तुमच्यासाठी मी अशी वाटणी करीन:

सोयाबीनच्या बियाण्यावर रसायन आणि त्यावर रायझोबियम-पीएसबी. ट्रायकोडर्मा बियाण्यावर नको.

तुरीच्या बियाण्यावर रसायन नको. ट्रायकोडर्मा किलोला 5 ग्रॅम, त्यावर तुरीचं रायझोबियम आणि पीएसबी. एकराला तूर दोन-अडीच किलोच लागते, त्यामुळे काम थोडं आहे.

आणि संपूर्ण रानासाठी ट्रायकोडर्मा शेणखतातून. 100 किलो चांगलं कुजलेलं शेणखत सावलीत घ्या, त्यात 1 किलो ट्रायकोडर्मा मिसळा, मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा पण पाणी ठिबकू नये इतकं ओलं करा आणि प्लॅस्टिकने किंवा ओल्या गोणपाटाने झाका. सात दिवस ठेवा, तीन-चार दिवसांनी खालवर करा, ओल राखा. ढिगावर पांढरी-हिरवी बुरशी दिसायला लागते. ते खत शेवटच्या वखरणीआधी किंवा पेरणीच्या ओळीत द्या. सात दिवसांच्या वर फार ताटकळत ठेवू नका. कच्चं, गरम शेण घेतलं तर आतल्या उष्णतेने बुरशी मरते आणि वर हुमणीची अंडी शेतात जातात. ढिगात हात घालून बघा, गरम लागलं तर ते शेणखत अजून तयार नाही.

शेणखत हे ट्रायकोडर्माचं खाद्य आहे. 0.42 टक्के कर्बाच्या रानात नुसती पावडर फेकली तर ती वाढायला काही मिळतच नाही. हे बाकीच्या सगळ्या जिवाणूंनाही लागू आहे.

मरीच्या रानात तुरीचे मर प्रतिकारक वाण निवडणं हे या सगळ्याहून जास्त परिणामकारक, हेही सांगून ठेवतो. ट्रायकोडर्मा त्या वाणाला जोड आहे.

रंगीत बियाण्याचं: बॅगेवरच्या चिठ्ठीवर कोणतं औषध लावलंय ते लिहिलेलं असतं, ते वाचा. त्यावर पुन्हा बुरशीनाशक नको. रायझोबियम लावायचं, पण मात्रा दीडपट आणि पेरणीच्या अगदी तोंडावर, म्हणजे रसायनाच्या सहवासात जिवाणूंचा वेळ कमी जाईल. यापेक्षा सुरक्षित वाट म्हणजे रायझोबियम मातीतून देणं. एकरी 2 किलो पावडर 50 किलो बारीक चाळलेल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत पडेल असं द्यायचं. बियाण्यावरच्या औषधाशी त्याची थेट गाठ पडत नाही.

---

निविष्ठा_केंद्र

दुकानाच्या बाजूने थोडी भर. पाकीट घेताना काय बघायचं, हे फार कमी लोक विचारतात.

जैविक खत, म्हणजे रायझोबियम, पीएसबी, अॅझोटोबॅक्टर वगैरे, खत नियंत्रण आदेश 1985 खाली येतं. पाकिटावर जिवाणूचं नाव, जिवंत संख्या, बॅच, उत्पादनाची तारीख आणि वापराची अंतिम मुदत हवी. पावडरचं आयुष्य साधारण सहा महिने, द्रवरूपाचं वर्षभर. अंतिम मुदतीत बसतंय एवढ्यावर समाधान मानू नका, उत्पादनाची तारीख जितकी अलीकडची तितकं चांगलं. जूनमध्ये पेरायचं असेल तर मागच्या पावसाळ्यातला माल नको.

ट्रायकोडर्मा मात्र कीटकनाशक कायदा 1968 खाली येतो. त्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक हवा. नोंदणी क्रमांक नसलेला, नुसता "जैविक टॉनिक" म्हणून विकला जाणारा डबा घेऊ नका.

पावडरचं पाकीट हातात दाबून बघा. आतला माल काळसर, किंचित ओलसर, भुसभुशीत लागायला हवा. चुरा कोरडा पडून धुरळा उडत असेल तर त्यातले जिवाणू गेलेले आहेत. द्रवरूपात तळाला गाळ बसणं नैसर्गिक आहे, हलवून घ्या. पण बाटली फुगलेली असेल किंवा झाकण उघडल्यावर कुजका वास आला तर परत करा.

घरी आणल्यावर माठाशेजारी, गारव्याला ठेवा. ट्रॅक्टरच्या टपावर, मोटारसायकलच्या डिकीत, युरियाच्या पोत्यावर नको. बर्फाच्या कप्प्यातही नको.

अकोला, परभणी, राहुरी या विद्यापीठांकडे आणि काही कृषी विज्ञान केंद्रांकडे स्वतःची जिवाणू संवर्धकं मिळतात. हंगामात रांग लागते, म्हणून मेमध्येच चौकशी करून ठेवा.

---

जैविक_मार्ग

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण जीवामृत घरचं असताना हे विकत घेण्याची गरज काय? त्यातही कोट्यवधी जिवाणू असतातच की.

---

सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा

ताई/दादा, प्रश्न रास्त आहे.

जीवामृत म्हणजे 200 लिटर पाण्यात 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे मिश्रण दोन दिवसांत जिवाणूंनी भरून जातं, यात शंका नाही. पण त्यात कोणते वाढतात हे गूळ आणि बेसन ठरवतं. पटकन वाढणारे जिवाणू पुढे जातात, आणि ब्रॅडीरायझोबियम हा फार हळू वाढणारा जिवाणू आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत त्याची वसाहत दिसायला पाच ते सात दिवस लागतात, तिथे इतर कितीतरी जिवाणू एका दिवसात दिसतात. म्हणजे जीवामृताच्या पिंपात त्याला जागाच मिळत नाही. जीवामृत ओल असताना जमिनीत द्या. काडीकचरा कुजायला आणि मातीतली एकूण हालचाल वाढायला ते मदत करतं. पण सोयाबीनच्या गाठींचं काम त्याच्यावर सोपवू नका.

बीजामृताबद्दल, म्हणजे बियाण्याला लावायच्या शेण-गोमूत्राच्या मिश्रणाबद्दल, सावध करतो. त्यात चुना असतो. बीजामृत आणि रायझोबियम एकाच वेळी, एकाच बियाण्याला नको. बीजामृत लावायचंच असेल तर बियाण्याला ते लावून, सुकवून, रायझोबियम मातीतून द्या.

आता पीएसबी आणि डीएपी. काळ्या चुनखडीच्या जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचा मोठा भाग कॅल्शियमशी बांधला जाऊन बसतो. पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, सेंद्रिय आम्ल सोडून मुळालगतच्या केसभर जागेत सामू खाली आणतात आणि थोडं स्फुरद मोकळं होतं. थोडं, असं म्हणतो, कारण 9 टक्के चुनखडी असलेल्या मातीत तो आम्लपणा टिकत नाही, चुना लगेच शोषून घेतो. बाजारात "डीएपी निम्मं करा" सांगतात ते या जमिनीला लागू पडणार नाही. पहिल्या हंगामात स्फुरद पूर्ण द्या. एका पट्ट्यात पाव मात्रा कमी करून उत्पादन वेगळं मोजा. आकडा तुमच्या रानातूनच मिळेल.

हेक्टरी 30 किलो नत्र, 60 स्फुरद, 30 पालाश धरलं तर एकरी 12, 24 आणि 12 किलो होतं. हे तीन पोती सुपर फॉस्फेट, 26 किलो युरिया आणि 20 किलो म्युरेट ऑफ पोटॅशमधून भागतं. सुपर फॉस्फेटमधून एकरी 16 किलोच्या आसपास गंधकही मिळतं, ते सोयाबीनच्या तेलाला हवंच. डीएपीच्या एका पोत्यातून 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र मिळतं, गंधक मात्र नाही. त्यासोबत वेगळा युरिया नको.

मुद्दा युरियाचा आहे. पेरणीवेळचं थोडं नत्र रोपाला पहिल्या तीन आठवड्यांसाठी लागतं, कारण गाठी तोवर कामाला लागलेल्या नसतात. पण पिवळेपणा दिसला म्हणून पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी पोतंभर युरिया फेकला, की मुळाला आयतं नत्र मिळतं आणि झाड गाठींना साखर देणं कमी करतं. गाठी लहान राहतात, नव्या येत नाहीत. झाड हिरवंगार होतं, उंच वाढतं, आणि शेंगा भरायच्या वेळी, जेव्हा नत्राची सगळ्यात मोठी गरज असते, तेव्हा देणारं कोणी उरत नाही.

---

रोपवैद्य

वरच्या पोस्टला जोडून पिवळ्या पट्ट्यांबद्दल. सामू 8.1 आणि 9 टक्के चुनखडी बघता ते नत्राचं नसून लोहाचं असण्याची शक्यता जास्त वाटते. फरक असा: शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. खालची जुनी पानं आधी एकसारखी पिवळी, तर नत्र. पाणी साचलेल्या खोलगट भागात लोहाचा पिवळेपणा आणखी वाढतो, आणि तिथल्या गाठींनाही हवा मिळत नसल्याने त्या थंडावतात. म्हणून पहिला उपाय चर काढून पाणी काढणं, वाफसा आल्यावर डवरणी. मग 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी, अशी फवारणी. रुंद सरी-वरंबा पद्धतीने पेरलं तर हा त्रास मुळातच कमी होतो.

---

तिफण_आणि_चाडं

प्रश्न 5 राहिला, तो घेतो.

पेरणीनंतर 40 ते 45 दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमारास बघायचं. रानाच्या पाच वेगवेगळ्या जागांतून पाच-पाच झाडं. उपटू नका. उपटलं की गाठी मातीत राहतात आणि मूळ रिकामं दिसतं. कुदळीने किंवा फावड्याने वीतभर खोल, बाजूने मातीच्या गड्ड्यासकट काढा, बादलीत पाण्यात दहा मिनिटं ठेवा, माती आपोआप सुटू द्या.

आता गाठ नखाने फोडा. आत लालसर-गुलाबी, ताज्या मांसासारखा रंग दिसला तर ती काम करतेय. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं द्रव्य. जिवाणूला लागेल तेवढाच प्राणवायू ते मोजून पोचवतं. आत पांढरी असेल तर एकतर कोवळी आहे किंवा जिवाणू निकामी आहे. दहा दिवसांनी पुन्हा बघा. हिरवी किंवा तपकिरी म्हणजे म्हातारी झाली. पंचेचाळीसाव्या दिवशीच बहुतेक हिरव्या दिसल्या तर पाण्याचा ताण, साचलेलं पाणी किंवा जास्तीचं नत्र, यातलं काहीतरी झालंय.

गाठी कुठे आहेत तेही बघा. मुख्य मुळाच्या वरच्या दोन इंचांत दहा-पंधरा टपोऱ्या गाठी गुच्छाने असतील तर बियाण्याला लावलेला जिवाणू लागू पडला. गाठी फक्त बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीतल्या जुन्या जिवाणूच्या.

सूत्रकृमीच्या गाठींशी गल्लत करू नका. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी चिकटलेली असते आणि बोटाने ढकलली की सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, सुटत नाही, फोडली तर लाल निघत नाही.

तुलनेसाठी पेरताना चार ओळी रायझोबियमशिवाय सोडा आणि खुंटी मारून ठेवा. ते बियाणं सगळ्यात आधी पेरा. जिवाणूचं बियाणं पेरून झालेल्या चाड्यातून नंतर तेच पेरलं तर चाड्याला चिकटलेले जिवाणू त्यालाही लागतात आणि तुलना बिघडते.

---

कयाधू_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: समजा 40 दिवसांनी खणून बघितलं आणि गाठी नाहीतच, किंवा सगळ्या पांढऱ्या आहेत. तेव्हा रायझोबियम ड्रेंचिंग करून, म्हणजे पाण्यातून बुडाशी देऊन, फायदा होईल का?

---

सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा

चाळीसाव्या दिवशी नाही. गाठ तयार होऊन नीट कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, तोवर शेंगा धरलेल्या असतील. ड्रेंचिंग करायचंच तर उगवणीनंतर 10 ते 15 दिवसांत, जमिनीत भरपूर ओल असताना, संध्याकाळी, पंपाचं नोझल काढून ओळीच्या बुडाशी. पानावर पडलेलं रायझोबियम कामाचं नाही. पंपात आधी तणनाशक किंवा बुरशीनाशक वापरलं असेल तर तो तीनदा धुवून घ्या. म्हणून पहिली तपासणी चाळीसाव्या दिवसाची वाट न बघता विसाव्या दिवशीच करा. मोहरीएवढ्या बारीक गाठी तेव्हा दिसायला लागलेल्या असतात.

चाळीसाव्या दिवशी खरोखर गाठी नसतील तर पीक नत्रावर जगवावं लागेल. तेव्हा युरियाला नाही म्हणू नका. 2 टक्के युरियाची, म्हणजे 10 लिटरला 200 ग्रॅम, फवारणी फुलोऱ्यात आणि पुन्हा शेंगा भरताना द्या. पाऊस चांगला असेल तर एकरी 15-20 किलो युरिया ओळीलगत देऊन डवरणी करा. आणि त्या रानाची नोंद ठेवा: कोणतं पाकीट, कोणती बॅच, बियाण्यावर कोणतं औषध, किती तासांनी पेरलं. हरभऱ्याच्या पेरणीआधी ती नोंद इथे टाका, कारण कुठे बिघडलं ते त्यातूनच सापडेल. हरभऱ्याला जिवाणू वेगळा आहे, पण लावण्याची पद्धत हीच.